कुंडलहून आणलेली मशेरीची डबी

लोक सुट्टीत महाबळेश्वरला जातात. मी गेले कुंडलला, बायकांची तोंडं बघायला.

सांगलीच्या एका दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आणि गावातल्या बायकांनी मिळून तोंडाच्या कॅन्सरचं संशोधन सुरू केलंय. काय विचारायचं ते बायकांनीच ठरवायचं, घरोघरी त्यांनीच फिरायचं. त्यांची पुढारी माझी सुमनआत्या. तिचाच फोन आला, "फोटू काढाया ये. पुण्याची पोरगी येणार म्हटलं की बायका नटून येत्यात."

पुण्याहून पहाटे निघा, घाट गारव्यात सरतो. उंब्रजला हायवेवर मिसळ खाल्ली. कट मागाल तेवढा वाढतात, पण मागण्याआधी पोटाला विचारा. कराडला हायवे सोडून ताकारीच्या रस्त्याला लागलं की दोन्हीकडं ऊस. उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकलात तर हॉर्न वाजवू नका, गाण्यांपुढं त्याला तो ऐकू येत नाही.

दुपारी आत्यानं मला भाकरी आणि झणझणीत आमटी वाढली, आणि स्वतः दूधभात घेऊन बसली. नुसता ठेचा खाणारी बाई! मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "उष्णता झालीया. गप जेव." ती एकाच गालानं चावत होती.

दुसऱ्या दिवशी तपासणी. आत्याचे यजमान, आमचे मामा, फौजेतून सुभेदार होऊन आलेले. त्यांनी शिट्टी फुंकून बायकांची रांग लावली. पहिलीनं तोंड उघडलं तर आत काळंभोर. दुसरीचंही तेच. डॉक्टरीणबाईंच्या बॅटरीत काही दिसेचना.

"दात घासून या म्हणून निरोप दिला होता ना?"

"व्हय की! डॉक्टरला दावायचं म्हणून दोनदा मशेरी लावलीया!"

मशेरी म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड. जिच्यापायी तपासणी, तीच घासून सगळ्या जणी आल्या होत्या. घरोघरी निरोप पोचवणाऱ्या आत्याचेही दात काळेच.

मामांनी चूळ भरायचा हुकूम सोडला. दोन घागरी रिकाम्या झाल्या. तेवढ्यात शेजारची रखमाकाकी अडून बसली, "सुमे, आधी तू दाव. दुसऱ्याला लय शिकीवलंस."

"मी सगळ्यात मागनं."

"पुढारी हायस न्हवं? मग हो पुढं!" मामा गरजले. सगळ्या हसल्या आणि आत्या खुर्चीत बसली.

गालात पांढरा चट्टा होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सांगलीला तुकडा काढून तपासून घेऊ." आत्यानं माझा हात असा दाबला की बांगडी पिचली.

सांगलीला मीच घेऊन गेले. ती आत असताना मी बाहेर बसून भडंगाचं अख्खं पाकीट संपवलं, निव्वळ भीतीनं. रिपोर्ट येईपर्यंत मी कुंडललाच राहिले. कॅन्सर निघाला नाही. पण मशेरी चालू राहिली तर त्या चट्ट्याचा भरवसा नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मामा अंगणात जाऊन उगाचच शिट्टी वाजवून आले.

निघताना आत्यानं मशेरीची डबी माझ्या पर्समध्ये कोंबली. "टाकली तर दुसरी आणीन. तुझ्यापाशी हाय म्हटलं की जीव थाऱ्यावर ऱ्हाईल. मागितली तर देऊ नगंस. मी लय ग्वाड बोलीन, भुलू नगंस."

आता डबी माझ्या पुस्तकांमागं आहे. येताना साताऱ्यात घेतलेले कंदी पेढे कधीच संपले. आज सकाळी आत्याचा फोन आला, "माझी सोन्यासारखी पोर ती, जेवलीस का गं?"

जन्मात तिनं मला असं विचारलेलं नाही.

"आत्या, डबी मिळणार नाही."

तशी ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे तिथंच. आज ठेचा खाल्ला बघ. झोंबला न्हाई."