भरतीचा रस्ता

तांडेलकाका चहासुद्धा येरझाऱ्या घालत प्यायचे. घरची होडी विकून त्यांनी जुना टेम्पो घेतला होता आणि कळंबोलीच्या आमच्या गोदामाला लावला होता. खरं नाव कुणी घेत नसे, होडीवरचा हुद्दाच चिकटला होता. "माल भरून उभी गाडी बघवत नाय गो बाय," म्हणायचे आणि हमालांच्या हातातले खोके ओढून घ्यायचे.

माझं काम दहा गाड्यांचे रस्ते संगणकावर आखायचं. कमी किलोमीटर, कमी डिझेल, कमी धूर. नवी नोकरी, त्यामुळे शहाणपण उतू जात होतं. उरणकडच्या फेरीचा कागद हातात दिला, तर काका बोटांची पेरं मोजायला लागले.

"आज अवस हाय. बाराला भरती, तुजा खारीकडचा रस्ता पान्यात. मी वरच्या रस्त्यानं जातो."

"काका, तो नऊ किलोमीटर लांब आहे!"

"लांब हाय, पन सुका हाय."

ते आपल्याच रस्त्यानं गेले आणि मी साहेबांकडे त्यांची तक्रार केली. माझ्या कागदाप्रमाणे गेलेल्या दोन गाड्या दुपारी भरतीच्या पाण्यात अडकल्या. सायलेन्सरमध्ये पाणी शिरेल म्हणून इंजिन बंद करता येईना. दीड तास दोन्ही जागच्या जागी धूर ओकत होत्या.

मी काकांची माफी मागितली. "चुकलीस ना? आता लिव," म्हणाले. मग महिनाभर माझ्या खुर्चीमागे फेऱ्या मारत त्यांनी एकेक तिथी सांगितली. कधी पाणी चढतं, कधी खुशाल जावं, सगळं मी प्रोग्राममध्ये घातलं.

तो इतका नेमका झाला, की एक दिवस त्यानं सांगितलं, नऊ गाड्या पुरतील. काढायची कुठली, तर सर्वांत जास्त धूर सोडणारी. ती काकांची होती. मी तीनदा तपासलं. मग कागद घेऊन त्यांच्याकडे गेले.

"बरोबर हाय ना तुजं?" त्यांनी विचारलं.

"बरोबर आहे, काका."

"मंग रडतेस कशाला?" एवढं बोलून ते टेम्पो घेऊन गेले.

पुढे धूर कमी केल्याबद्दल माझा सत्कार झाला. भरतीचं कसं सुचलं, असं व्यासपीठावर विचारलं. काकांचं नाव अगदी ओठांवर आलं होतं. पण ते घेतलं असतं, तर काका आता कुठे असतात हेही कुणीतरी विचारलं असतं. मी म्हटलं, "अभ्यास केला." लोकांनी टाळ्या वाजवल्या.