परबकाकूंचा अनंत आणि दोन डबे

सांगतो, पण एका अटीवर. चहाचा घोट आधी गिळा, मग हसा. मागच्या वेळी हा किस्सा सांगितला तेव्हा दिन्याच्या नाकातून चहा आला होता!

माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. मला कुठेही तंद्री लागते. दाढी करताना लागते, बँकेच्या रांगेत लागते. गेल्या वर्षी ती मातीची लागली. आमच्या लालबागच्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर, गॅलरीच्या टोकाला मी एक निळं पिंप ठेवलं आणि त्याला भोकं पाडली. भाजीची देठं, केळ्याची सालं, देवाचं निर्माल्य, चहाचा चोथा, सगळं त्यात. वर मूठभर जुनी माती. आठ दिवसांत आत संसार सुरू!

खोटं नाही सांगत, हात घातला की गरम लागायचं. डोळ्यांना न दिसणारे जीव आत पंगतीला बसलेले, त्यांच्या जेवणाची ती ऊब. मग पांढरी बुरशी आली. जे कडक देठ कोणाला चावत नाही, ते ती निवांत पचवते. मग गांडुळं. आणि शेवटी कालची गवार कुठली आणि परवाचा झेंडू कुठला, काही म्हणजे काही ओळखू येत नाही. सगळ्याची एकच काळी, भुरभुरीत माती.

मी रोज सकाळी स्टूल टाकून बघत बसायचो. पान गळतं, कोणीतरी ते खातं, त्यातलं सत्त्व मुळाशी जातं आणि पुन्हा पान होऊन वर येतं. कोणी कुठे जातच नाही की हो! असं काहीबाही मनात यायचं आणि डोळे आपोआप मिटायचे. मग आतून आईची हाक, "मंगेश, ऑफिसला जातोस की पिंपातच बिऱ्हाड थाटतोस?"

आता आमच्या शेजारच्या परबकाकू. मालवणकडच्या. त्यांच्या दारात अनंताची कुंडी आहे. गिरणी बंद पडली तेव्हा परबकाका गावी गेले आणि येताना ते रोप घेऊन आले. काका जाऊन तीन वर्षं झाली. काकू रोज पाणी घालताना त्या झाडाला घरच्या बातम्या सांगतात. तेच झाड पिवळं पडलं. दोन वर्षं फूल नाही.

एक दिवस काकू पिंपाशी आल्या. "मंगेश, ह्येंचा झाड जाता रे. तुझ्या मातयेन काय होयत काय?"

डोळे भरलेले. मला फार वाईट वाटलं. मी छातीवर हात ठेवून म्हटलं, "काकू, काळजी सोडा. चार गांडुळं आत्ताच कुंडीत सोडतो. रविवारी खत घालतो. फूल आलंच म्हणून समजा!"

आला रविवार. मी खत चाळून स्टीलच्या डब्यात भरलं आणि ओट्यावर ठेवलं. (हो, ओट्यावर! तंद्री!) त्याच ओट्यावर काकूंचा डबा होता. आदल्या दिवशी त्यातून घावणे आले होते, आणि शेजारचा डबा रिकामा परत करायचा नसतो. म्हणून आईने त्यात कारळ्याची चटणी भरली होती. आई साताऱ्याकडची. तिची चटणी काळीभोर, भरड, लसूण सढळ हाताने.

आणि डबे? दोन्ही सारखे! आईने आणि काकूंनी जुन्या साड्या देऊन एकाच दुपारी, एकाच भांडीवालीकडून घेतलेले. नावं घालायची राहून गेली होती.

"काकूंचा डबा देऊन ये," आई म्हणाली. मी त्या वेळी गांडुळाच्या पोटात असेन. एक डबा काकूंच्या ओट्यावर ठेवला, दुसरा घेऊन कुंडीशी आलो. काकू हात जोडून उभ्या. पलीकडच्या खोलीतला दिन्या ब्रश तोंडात धरून हजर. एवढं गिऱ्हाईक मिळाल्यावर मी सोडतो होय?

"बघा," मी डबा उघडून म्हटलं, "हे नुसतं खत नाही. ह्यात जीव आहे!"

दिन्याने वाकून वास घेतला. "मंग्या, लसूण मारतोय रे."

"मारणारच! सालं कुठे जातात? पिंपात. काहीही वाया जात नाही, दिन्या." आणि मी अख्खा डबा कुंडीत पालथा केला.

दिन्याला शिंक आली. मग काकूंना. मग मला.

"ताजं आहे," मी डोळे पुसत म्हटलं. "मातीचं सत्त्व असतं हे. नाकाला सवय नाही आपल्या." आणि वर तांब्याभर पाणी ओतलं. काकू समाधानाने न्याहारीला आत गेल्या.

थोड्या वेळाने दिन्या म्हणाला, "अबे, तुझी गांडुळं बाहेर पळतायत."

खरंच, चारही जण कुंडीच्या काठावर! मला भरून आलं. "पळत नाहीत रे. स्वागताला आलीत."

तेवढ्यात आतून काकूंचा आवाज. "मंगेश! तुझ्या आवशीच्या चटणयेत गांडूळ असा!"

एका हातात भाकरी, दुसऱ्या हातात उघडा डबा. त्यात माझं एक गांडूळ मान वर करून बघत होतं. नशीब, घास अजून मोडायचा होता!

पुढचं काय सांगू? मीठ, तिखट, तेल, सगळं काकांच्या झाडाच्या मुळाशी. मी अनंत उपटला, नळाखाली मुळं धुतली, गांडुळं वेगळी आंघोळ घालून पिंपात सोडली. सगळी माती बदलली, काकूंच्या डब्यातलं खत घातलं. काकू ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या झाडाजवळ बसून राहिल्या.

पंधरा दिवस पानं गळत होती. मी जिन्याने जाताना मान खाली घालायचो. मग एका फांदीला हिरवा ठिपका दिसला. मग पालवी. आणि मे महिन्यात अख्ख्या गॅलरीत वास! पांढरंशुभ्र फूल. काकूंनी ते काकांच्या फोटोला वाहिलं आणि मला आत बोलावलं. मी मनात भाषण तयार केलं. बुरशी, सूक्ष्म जीव, पानातून मुळाकडे परत जाणारं सत्त्व, सगळं.

काकू फोटोकडे बघत म्हणाल्या, "ह्येंका तुझ्या आवशीची चटणी लय आवडायची रे. तोंडाक लागली आणि उठले बघ."

मी ते भाषण तसंच घरी परत नेलं. त्या इतक्या खूश होत्या!

आता चाळीत कोणाचं झाड सुकलं की लोक माझ्या पिंपावरून पुढे जातात आणि आईकडे वाटीभर चटणी मागतात. आईही कौतुकाने देते. मग दुपारी सगळे झोपले की मी पाण्याची बादली घेऊन गुपचूप एकेकाची कुंडी धुवायला निघतो.