उभी बाटली

वणीच्या कापसाच्या जिनातला तो फिटर बोलण्याआधी हातातला पाना एकदा टेबलावर ठोकायचा, मगच वाक्य सुरू. लढाईत तो इटलीला होता. तिथल्या उंच डोंगरावरच्या द्राक्षांची लाल वाइन एका म्हातारीनं त्याला दिली होती. पिणारा तो नव्हताच. "रगत वाढवते म्हणे. घरच्या बिमारीले कामी येईन," म्हणायचा. दारूबंदी आली तरी बाटली त्याच्या देवळीत उभीच. वर पत्रा आणि आमचे उन्हाळे. रोज सदऱ्याच्या टोकानं पुसायचा.

"म्हातारीनं आडवी ठेवाची खूण केलती," तो हसून सांगायचा. "आडवं त मुडद्याले ठेवतेत, मास्तर!"

मीही हसायचो.

तिसऱ्या बाळंतपणानंतर बायको पांढरीफटक पडली, तेव्हा त्यानं बाटली उघडली. वाळलेल्या बुचाचा हातातच भुगा झाला. बूच ओलं राहावं म्हणून बाटली आडवी ठेवतात, हे मला तेव्हा उमगलं. आतल्या वाइनचा सिरका झाला होता. तरी तो चमच्यानं पाजत राहिला आणि ती तोंड वाकडं न करता पीत राहिली. चौथ्या दिवशी गेली.

परवा तो जिनाच्या फाटकाशी भेटला. हातात पाना होता, पण कशावरच ठोकला नाही.

"मास्तर, तुमी शिकलेले. आडवी ठेवली असती त?"

"तरी आंबटच झाली असती," मी म्हणालो.



"मंग म्हातारीनं काहून सांगतलं?"