वर्गातल्या पोरांनी तिला मॅम म्हटलं

मंडळी, आज जीव थाऱ्यावर नाही.

बी.एस्सी. झालेल्या आमच्या मुक्ताला आता डॉक्टर व्हायचंय. आज सकाळी ती इथं देवासलाच नीटच्या क्लासला गेली. वर्गात शिरताच अकरावी-बारावीची सगळी पोरं उठून उभी राहिली, ‘गुड मॉर्निंग, मॅम!’

घरी येऊन तिनं हे हसत सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, ‘मग शिकवूनच यायचं नं, बेटा!’

सगळे हसलो. पण तिच्या ताटातली पोळी तशीच राहिली.

‘आई, मला उशीर झालाय का गं?’

मी ‘नाही’ म्हणाले, पण इतक्या घाईनं, की तिला ते खरं वाटलं नसावं.

दुपारी फिजिक्सचा तास आहे. ती पुन्हा चपला घालतेय. अशा वेळी तुम्ही लेकीला काय म्हणता?