सातव्या पावलाचे तांदूळ

आमच्या घरात दोन आया होत्या, आणि तरीही "आपल्यात तसं नसतं" हे वाक्य मी सगळ्यात जास्त आमच्याच घरात ऐकलं. बऱ्हाणपूरच्या कुणा मुसलमानाच्या दोन बायकांचा विषय निघाला की बाबा हात झटकून म्हणायचे, "ते त्यांच्यात चालते. आपल्यात नाही." तेव्हा एक आई त्यांच्या ताटात भाकरी वाढत असायची आणि दुसरी चुलीपाशी पुढची थापत असायची.

मोठी आई ही बाबांची पहिली बायको. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी तिला मूल झालं नाही, म्हणून बाबांनी माझ्या आईला आणलं. आई सोळाची होती. कुणी विचारलं तर अठरा सांगायचं हे तिला माहेरीच पढवून ठेवलेलं. आमच्या गावात, दापोऱ्यात, विचारलं कुणीच नाही, त्यामुळे ते सांगायची वेळ आली नाही. लग्न आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, शाहपूरच्या पलीकडच्या एका देवळात, चार माणसांत उरकलं. आखाजीला मुहूर्त बघावा लागत नाही आणि त्या दिवशी इतकी लग्नं असतात की एखादं लपून जातं. नवरीला हळद मोठ्या आईनं लावली. तिची संमती होती, असं सगळे सांगतात. ती असताना तीही तसंच सांगायची. पण संमती देताना तिच्यापुढं दुसरं काय ठेवलं होतं, हे मी तिला कधी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही.

जुने भटजी म्हणायचे, पहिलीला मूल नसेल तर दुसरी करायला शास्त्राची परवानगी आहे. मुलीचं लग्न लवकर करावं हेही शास्त्रातच आहे म्हणायचे. शास्त्र आमच्याकडे लोणच्याच्या बरणीसारखं होतं. हवं तेवढं काढायचं आणि झाकण लावून फडताळात ठेवायचं. नवऱ्यानं बायकोला कसं वागवावं याबद्दलही त्यात काहीतरी असणारच, पण ते काढलेलं मी पाहिलं नाही.

आईला मी झाले. मुलगी. त्यानंतर काही झालं नाही. मग तिसरीचा विषय निघाला. तिसरं लग्न अशुभ मानतात, म्हणून आधी नवऱ्याचं रुईच्या झाडाशी लग्न लावतात, म्हणजे खरी नवरी चौथी ठरते आणि दोष झाडावर जातो. मोठी आई जात्यावरून न उठता म्हणाली, "लावा रुईशी. अन् तिलेच आणा घरात. खायले मांगत नाही, बोलत नाही." बाबा हसले आणि तिसरीचा विषय संपला. माझ्या आईची सवत टळली ती तिच्या सवतीमुळं.

दोघी एकमेकींना "बाई" आणि "लहानी" म्हणायच्या. सोळा वर्षांची आई आली तेव्हा तिला धड भाकरी थापता येत नव्हती, ते मोठ्या आईनं शिकवलं. माझी वेणी एक घालायची आणि दुसरी समोर बसून वाकडी झाली म्हणून सांगायची. एकदा शाहपूरला कथा होती. महाराज हिंदीतून सांगत होते की मुली मोठ्या होईपर्यंत घरात ठेवल्या की धर्म बुडतो, आणि त्या लोकांत बघा, चार-चार करतात. पुरुषांच्या बाजूला बाबा मान डोलावत होते. बायकांच्या बाजूला एकाच सतरंजीवर दोघी बसलेल्या. मोठी आई आईच्या कानाशी लागून म्हणाली, "चारातल्या दोन त इथंच बसल्या हायेत, लहानी." आई तोंडाला पदर लावून इतकी हसली की पुढच्या बायका वळून बघायला लागल्या.

मी बऱ्हाणपूरला शाळेत शिकवते. सामाजिक विज्ञान. मुलीचं लग्नाचं वय अठरा, मुलाचं एकवीस, हा धडा दरवर्षी येतो आणि दरवर्षी मी तो न अडखळता शिकवते. मुलं लिहून घेतात. आखाजीनंतर वर्गातली एखादी मुलगी दिसेनाशी होते. मी घरी जाऊन चौकशी करते, घरचे चहा देतात, "मामाच्या इथं गेली" म्हणतात. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी घरी येऊन रडले होते. आता वरच्या ऑफिसला कळवते आणि पुढचा धडा घेते.

मधे सगळ्यांना एकच कायदा करावा यावर टीव्हीवर रोज भांडणं चालली होती, तेव्हा स्टाफरूममध्येही तोच विषय असायचा. माझ्या शेजारी बसणाऱ्या मुसलमान बाई गणित शिकवतात. त्यांच्या आजोबांच्या दोन बायका होत्या. मी एकदा त्यांना माझ्या घरचं सांगितलं. डबा बंद करता करता त्या म्हणाल्या, "हमारे इमामसाहब तो कहते हैं, बराबरी नहीं कर सकते तो एक ही करो. दादाजीने बराबरी कहाँ की? लेकिन मॅडम, दूसरी को कमसे कम बीवी तो बोलते थे. आपकी अम्मी को कानून क्या बोलता है?" मला उत्तर माहीत होतं. पहिली जिवंत असताना केलेलं दुसरं लग्न कायद्यानं लग्नच नसतं. मी म्हणाले, "कुछ नहीं बोलता." आणि घंटा झाली.

गेल्या हिवाळ्यात मोठी आई गेली. सवाष्ण गेली म्हणून तिला हिरवं लुगडं नेसवलं, बायकांनी ओटी भरली. गावातली एक बाई आईला म्हणाली, "चाल व, आता तू मोठी." आई रडली नाही. पुढं कितीतरी दिवस ती मोठ्या आईलाही धरून पीठ मळायची, आणि उरलेली भाकरी गाईला घालायची. मी सुट्टीच्या दिवशी जायचे. आम्ही दोघी ओट्यावर बसून समोरच्या केळीच्या बागेकडं बघायचो. मला वाईट वाटत होतं का, हेही मला नीट सांगता येत नाही. उन्हात फार वेळ बसलं की कातडीला काही कळेनासं होतं, तसं काहीसं होतं.

अशाच एका दुपारी आई म्हणाली, "माहं एक पाऊल राह्यलं हाये."

तिनं पहिल्यांदाच ते सगळं सांगितलं. देवळात सप्तपदीला तांदळाच्या सात ढिगल्या मांडल्या होत्या. एकेका ढिगलीवर ती अंगठा ठेवत गेली. सहावीनंतर तिचा अंगठा लुगड्याच्या काठात अडकला, तोल गेला, आणि त्याच क्षणी भटजी म्हणाले, "बस, झालं." सातवी ढिगली तशीच राहिली. बाबांनी तिला उठवलं आणि सगळे निघाले.

"मीच चुकली," आई म्हणाली. "अर्धं लगन घेऊन या घरात आली. म्हनून पोरगा नाही झाला. बाई एवढी तरफडून गेली तेबी त्याच्यातच आलं. तो दोष माहा हाये. ते पाऊल मले टाकू दे, एवढंच."

मी तिला खूप समजावलं. मूल होण्याचा आणि लुगड्याच्या काठाचा संबंध नसतो, मोठ्या आईला पोटाचा आजार होता. ती ऐकून घ्यायची आणि पुन्हा म्हणायची, "ते खरं. पन माहा पाय अडला होता ना?" सोळाव्या वर्षापासून ती हे मनात घेऊन राहत होती, भांडी घासत होती, मला शाळेत पाठवत होती. शेवटी मी हो म्हणाले. माझा हिशेब वेगळा होता. मोठी आई आता नव्हती, म्हणजे आता विधी पुरा झाला तर आई कायद्यानंही बायको झाली असती. ज्या कारणासाठी होईल त्या कारणासाठी, एकदाचं होऊ दे.

बाबांना हे आवडलं नाही. "या वयात हसं करता का माहं?" पण मोठ्या आईच्या मागं घरात सत्यनारायण करायचा होता आणि पूजेला शेजारी बायको बसायला हवी होती. म्हणून ते तयार झाले.

जुने भटजी आता नाहीत, त्यांचा मुलगा सगळं करतो. सरळ माणूस आहे. लग्नाची तारीख काढायच्या आधी मुलामुलीचं आधार कार्ड मागतो, वय कमी असेल तर सुपारीसुद्धा घेत नाही. तीन गावांत त्यामुळं त्याला बोलावत नाहीत. तो म्हणाला, "काकू, पूजेच्या आधी सप्तपदी घेऊन टाकू. अर्थ सांगत सांगत करू, म्हणजे काय चाललंय ते समजेल."

पूजेच्या सकाळी आईनं स्वतः तांदूळ निवडले. भटजीनं ओट्यावर पाट मांडला, होम पेटवला, सात ढिगल्या घातल्या. आई मोठ्या आईनं दिलेलं पातळ नेसली होती. बाबांचे गुडघे दुखतात, तरी तिचा हात धरून ते हळूहळू चालले. भटजी सांगत गेला. पहिलं पाऊल अन्नासाठी. दुसरं बळासाठी. तिसरं संपत्तीसाठी, चौथं सुखासाठी, पाचवं लेकरांसाठी, सहावं सगळे ऋतू बरोबर काढण्यासाठी. आई अंगठा ठेवत गेली. सातव्या ढिगलीपाशी ती थांबली आणि काठ हातानं वर धरला.

"महाराज," ती म्हणाली, "तवा माहा पाय अडला होता. त्याचा दोष आता जाईन का?"

भटजीनं बाबांकडं बघितलं. मग तिच्याकडं. "काकू, कसला दोष? माझ्या वडिलांनी मुद्दाम थांबवलं होतं. मला त्यांनीच सांगितलंय. तुम्हांला माहीत नाही?"

आईनंही बाबांकडं बघितलं. बाबा काही लपवायचं आहे अशा सुरात बोलले नाहीत, खत कुठलं घातलं ते सांगावं तसं म्हणाले, "खंडव्याचा वकील बोलला होता. सातवं पाऊल पडलं का कायद्यानं लगन पुरं होते, मंग केस लागते, जेल होते. नाही पडलं त कोनी काही करू शकत नाही. सहा पावलं घेतली. शास्त्रबी राखलं, कायदाबी राखला."

"मंग माह्या पायामुळं नव्हतं राह्यलं," आई म्हणाली.

"नाही व," बाबा म्हणाले, आणि तिचं समाधान करतोय अशा थाटात हसले.

मी तिथंच उभी होते. मला संताप यायला हवा होता. आयुष्यभर मी जो कायदा शिकवत आले, तो बाबांनी माझ्यापेक्षा चांगला वाचला होता, आणि तो वाचून माझ्या आईला बरोबर त्याच्या बाहेर उभं केलं होतं. हे सगळं मला कळत होतं, पण आत काही हलत नव्हतं. होमाचा धूर डोळ्यांत जात होता तेवढा जाणवत होता.

आई ढिगलीकडं बघत राहिली. मग तिनं विचारलं, "हे सातवं कशासाठी असते, महाराज?"

"मैत्रीसाठी, काकू. सातवं पाऊल टाकलं की दोघं मित्र होतात."

आईनं बाबांच्या हातातून हात काढून घेतला. ओढला नाही, नुसता काढला.

"माही मैतरीन त गेली," ती म्हणाली.

ती खाली बसली, सातव्या ढिगलीचे तांदूळ पदरात भरले, सांडलेले दाणेही वेचले आणि आत निघून गेली. तांदळाच्या डब्याचं झाकण उघडल्याचा आणि लागल्याचा आवाज आला. मी आत जाऊन आले आणि भटजीला मानेनंच नाही म्हणाले. बायको नसेल तेव्हा पूजेला ठेवतात तशी मग त्यानं बाबांच्या बाजूला पाटावर एक सुपारी ठेवली आणि संकल्प सुरू केला.