आत्याबायची चुकलेली जत्रा

आत्याबाय एकदा बसल्या की बसल्या. ज्याने बसायला सांगितलं तो येईपर्यंत उठायच्या म्हणून नाहीत. मुरबाडच्या स्टँडवर माझे सासरे त्यांना एकदा "हितंच थांब" म्हणाले आणि कचेरीच्या कामात पार विसरून गेले. टोकावड्याच्या दोन गाड्या सुटल्या, कंडक्टरने हाका मारल्या, तरी बाई गाठोड्यावर हात ठेवून जागच्या जागी. वर आम्हालाच शिकवायच्या, "दोघांनी हिंडलं तर दोघंय हरवतात गो. एकानं बसावं, म्हंजे दुसऱ्याला सापडतं."

सासऱ्यांची ही थोरली बहीण. नवरा तरुणपणीच गेला, तेव्हा एकुलत्या मुलीला घेऊन त्या भावाच्या दारी आल्या. मुलगी सुंदरी पुढे घाटावर दिली. लग्नातल्या मानपानावरून तिकडच्या माणसांचं आणि आमच्या घराचं असं वाकडं आलं की त्यांनी सून माहेरी धाडणंच बंद केलं. मी या घरात आले तेव्हा सुंदरी मला नावानेच ठाऊक. मायलेकींची भेट वर्षातून एकदा, पौषात, म्हशाच्या जत्रेत. जावयाकडची माणसं बैल विकायला नाणेघाट उतरायची, त्यांच्यामागे लागून सुंदरी यायची आणि बैलबाजाराच्या कडेला उंबराखाली आईची वाट बघायची. मी सांगतेय त्या वर्षी तर तिच्या कडेवर पहिलं मूल असणार होतं. आत्याबायनी नातवासाठी जुन्या लुगड्याची दुपटी शिवून ठेवली होती.

मला त्या घरात पहिल्या दिवसापासून जीव लावला तो त्यांनीच. माझी भाकरी तव्यावर फाटली की चटकन आपल्या ताटात ओढायच्या आणि सासूबाईंना ऐकू जाईल असं म्हणायच्या, "मला बाय फाटकीच ग्वाड लागते." अशा बाईशी मी काय वागले ते ऐका.

लग्नाला वर्ष झालं नव्हतं. सत्तावन्न-अठ्ठावन्न साल असेल. घरात अकरा माणसं. दिवसाउजेडी आम्हा नवरा-बायकोचं बोलणं म्हणजे "पाणी दे" आणि "घ्या". आमच्या ह्यांनी जत्रेची टूम काढली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आत्या संगं असेल तर जावा." मला आनंदाने जेवण गेलं नाही. जत्रेत मोठा पाळणा येतो आणि पडद्यावर रंगवलेल्या मोटारीत बसवून फोटो काढतात, एवढं ह्यांनी मला सांगून ठेवलं होतं. गाडी जुंपली, त्यात आम्ही तिघं, आणि आत्याबाय बरोब्बर आमच्या दोघांच्या मध्ये!

तिथे पोचून बघतो तर पाळणा नेमका त्या उंबरासमोरच उभारलेला. नव्या सुनेने नवऱ्याला खेटून पाळण्यात बसायचं आणि खालून आत्येसासूने बघायचं? छे! हे तर तोंड पाडून परत फिरायला निघाले. मला कुठून बुद्धी सुचली देव जाणे. सुंदरी अजून आली नव्हती. मी आत्याबायना म्हटलं, "घाटावरचा एक बाप्या आत्ताच निरोप देऊन गेला. बाजारात बैल उधळलेत, म्हणून तुमची लेक देवळामागच्या चिंचेखाली येणार हाय." त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही. चिंचेखाली जाऊन बसल्या, दुपटी मांडीवर घेतली आणि म्हणाल्या, "जावा रे पोरांनो, फिरा. मी हाय हितंच."

अर्ध्या तासात परत येऊन त्यांना उंबराखाली न्यायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं हो. पण पाळणा वर गेला आणि माझं मन काही खाली येईना. दुसऱ्या फेरीला वरून मला उंबराखाली एक बाई दिसली. हिरवं लुगडं, कडेवर तान्हं मूल, टाचा उंचावून गर्दीत कुणाला तरी शोधत होती. ह्यांना दाखवलं असतं तर त्यांनी आपली आत्येबहीण लगेच ओळखली असती. पण ते माझ्याकडे बघत होते. तसं कुणी माझ्याकडे आजवर बघितलं नव्हतं. मी नजर उंबरावरून काढून ह्यांच्याकडे वळवली. मग फोटो झाला, मग तंबूतला सिनेमा झाला.

परतलो तेव्हा उन्हं कलली होती. आत्याबाय तिथेच, अन्नपाण्यावाचून. "येईल," म्हणाल्या, "निरोप धाडलाय ना तिनं." आम्ही त्यांना घेऊन उंबराकडे धावलो. बैल विकून घाटावरची माणसं केव्हाच निघून गेली होती. शेजारचा चहावाला म्हणाला, "एक पोरगी व्हती खरी. दुपारपत्तुर उभी व्हती, रडत गेली." आत्याबायनी त्याला दोनच गोष्टी विचारल्या. लेकीच्या अंगावर कुठल्या रंगाचं लुगडं होतं, आणि पोर कुणावर गेलंय. त्याला काहीच आठवेना. मला रंग ठाऊक होता.

घरी सासूबाईंनी विचारलं, भेट कशी चुकली आणि आम्ही दोघं कुठे होतो. आत्याबाय चूल फुंकता फुंकता म्हणाल्या, "पोरं दिसभर माझ्या नजरंसमोर व्हती. मीच म्हातारी जागा चुकले." ह्यांनी मान खाली घातली. मी तर चक्क हुंदका दिला, आणि सासूबाईंना वाटलं, प्रवासाने दमली असेल.

पुढच्या पावसाळ्यात तापाने सुंदरी गेली. निरोप आला तोही तेरावं उलटून गेल्यावर. नातू तिकडच्या माणसांनी आत्याबायना कधी दाखवलाच नाही. आत्याबाय त्या वर्षापासून जत्रेला गेल्या नाहीत, आणि आम्हाला तर त्या वाटेला जायला तोंडच राहिलं नव्हतं.

सात-आठ वर्षांनी त्या अंथरुणाला खिळल्या. त्यांचं सगळं मीच करायची. एके सकाळी त्यांना पेज भरवताना मला राहवेना. माझी दोन मुलं अंगणात खेळत होती. मी वाडगा खाली ठेवला आणि म्हणाले, "आत्याबाय, त्या दिशी निरोप..." त्यांनी आपला सुकलेला हात माझ्या तोंडावर दाबून धरला. बराच वेळ काढला नाही.

"ठाव हाय गो मला," त्या म्हणाल्या. "तू बोलू नको. तू बोललीस तर मला तुझा राग करावा लागंल. आन मला आता तुझ्याबिगर हाय कोण?"