साहेबाच्या दगडावर धाकलूचं नाव

मुरबाड तालुक्यातल्या धसईच्या बाजारात वत्सलाबाईंना ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही. वय ब्याऐंशी, तोंडात दात चार, आवाज मात्र खणखणीत. बाजाराच्या दिवशी पहिल्या एसटीने त्या डोंगराकडच्या वाडीवरून उतरतात. थंडीत वालाच्या शेंगा, उन्हाळ्यात करवंदं, पावसाच्या तोंडाला शेवळाची रानभाजी. कुणी भाव कमी करायला लागला की म्हणतात, "घरी बायकोसंगं अशी घासाघीस कर, मंग इकडं ये." मी या भागातल्या शाळेत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं आणि त्यातली निदान वीस वर्षं त्यांच्याकडून भाजी घेतली. त्यांच्यावर लिहायचं कधीपासून मनात होतं. आता लिहायला बसलोय तो रागाने बसलोय, हे आधीच सांगून टाकतो.

वत्सलाबाईंनी बाप पाहिला नाही. बापाचं नाव धाकलू. मुंबईला एका गिरणीच्या बॉयलरवर कोळसा मारायचा. दुसरं महायुद्ध पेटलं तेव्हा इंग्रजांच्या आरमाराला असेच भट्टीपुढे टिकणारे लोक हवे होते. धाकलू बोटीवर चढला. समुद्रात पेरलेले सुरुंग वेचणारी कोळशावरची जुनी बोट होती ती. त्रेचाळीसच्या फेब्रुवारीत तो बोटीवरच मेला. घरी बायको बुधी, दोन वर्षांचा कमळू, आणि वत्सलाबाई अजून पोटात.

पुढे सरकारी कारकून चौकशीला आला. त्याने बुधीला विचारलं, नवऱ्याचं नाव काय? आता आमच्याकडच्या जुन्या बायका मेल्या तरी नवऱ्याचं नाव घेत नसत. बुधी म्हणाली, "कमळूचा बा." कारकुनाने पुन्हा विचारलं, ती पुन्हा तेच म्हणाली. तिसऱ्यांदा तो खेकसला, तेव्हा घाबरून तिने नुसतं "कमळू" म्हटलं. सोबतचा पोलीस पाटील दुसऱ्या गावचा, त्याला घरातली नावं ठाऊक नव्हती. वाडीतली बाकीची माणसं रानात गेलेली. कारकुनाने लिहिलं, मयत खलाशी कमळू. आरमाराच्या कागदावर धाकलू, तालुक्याच्या कागदावर कमळू. दोन कागद कधी जुळले नाहीत आणि बुधीला पेन्शन कधी मिळाली नाही. तिने मोळ्या विकून दोन पोरं वाढवली. कमळू मोठा झाला, शेती केली, म्हातारा होऊन गेला. जन्मात त्याने समुद्र पाहिला नाही, पण सरकारदरबारी तो दोन वर्षांचा असतानाच युद्धात मेलेला.

हे सगळं वत्सलाबाई बाजारात हसत सांगायच्या. एकच गोष्ट सांगताना हसायच्या नाहीत. "मास्तर, माझ्या बाचं नाव कुठं लिवलेलं नाय. आरमाराचा एक कागद व्हता तो कुजला, दगडावर तर नायच. मी मेले की संपलं."

दोन वर्षांपूर्वी विलायतेहून एक पत्र आलं. लेफ्टनंट रॅल्फ पेनविक नावाचा साहेब त्या बोटीचा कप्तान होता. त्याचा नातू टिमथी, स्वतःच साठीचा, आजोबांचे कागद लावत होता. त्यात 'मुरबाडचा खलाशी' असा उल्लेख मिळाला, म्हणून आजोबांच्या आठवणीसाठी मुरबाडकडच्या एखाद्या शाळेला वाचनालयाची खोली बांधून द्यायची त्याची इच्छा होती. आमच्या शाळेची निवड झाली. लगेच समिती झाली आणि पंढरीशेठ अध्यक्ष झाले. पंढरीशेठ भाताचे व्यापारी, माणूस वाईट नाही, पण गोरा माणूस दिसला की त्यांची पाठ आपोआप वाकते.

खोली झाली. भिंतीवर साहेबाच्या कारकिर्दीचे सहा फलक लागले, मराठी मजकूर मीच केला. तेराव्या वर्षी आरमाराच्या शाळेत दाखल. अटलांटिकमध्ये दोन वर्षं जहाजांच्या काफिल्यांना राखण. बेचाळीसमध्ये मुंबईला नेमणूक, सुरुंग काढणाऱ्या बोटीचा ताबा. त्रेचाळीसमध्ये शौर्यपदक. पुढे ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यावर लढाई, बढती, आणखी बढती, शेवटी कॅप्टन होऊन निवृत्त. बोटीवर साहेबाने पाळलेल्या कुत्र्याचा फोटो होता, खाली कुत्र्याचं नाव होतं. पदकाच्या फलकावर मात्र एवढंच: 'सुरुंगाच्या धक्क्याने वाफेचा नळ फुटला. पंप थंडावले, बोट कलू लागली. कप्तानाने तात्काळ त्या नळाचा कॉक बंद करवून पंप पुन्हा चालू केले, बोट व साठ माणसं वाचवली. या कामी एक एतद्देशीय खलाशी कामास आला.' कुत्र्याला नाव आहे आणि माणूस नुसता 'एक'. हे वाक्य मराठीत उतरवताना मला ते खटकलं होतं. तरी मी ते उतरवलं, याची मला आजही लाज वाटते.

दारात बसवायचा दगड सापगावच्या पाथरवटाकडून आला. वर ठसठशीत अक्षरांत कॅप्टन पेनविक, पदकासकट. खाली बारीक अक्षरांत: 'व त्यांचा इमानी खलाशी कमळू'. समितीने नाव तालुक्याच्या जुन्या कागदातून उचललं होतं. मी पंढरीशेठना म्हटलं, कमळू मुलगा, खलाशी धाकलू, वत्सलाबाई जिवंत आहेत, त्यांना विचारा. ते म्हणाले, "मास्तर, पुरावा आणा. उद्या कुणीपण येऊन म्हणेल माझ्या बाचं नाव घाला." बाईंची जन्मनोंद नाही, बापाचा आरमाराचा कागद छपराच्या पेंढ्यात कुजून गेला. पोटच्या पोरीने बापाचं नाव सांगितलं तर तो पुरावा नाही, आणि घाबरलेल्या बाईकडून कारकुनाने खेकसून काढलेलं नाव मात्र पुरावा. या अकलेपुढे मी काय बोलणार? वत्सलाबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "भावाचं नाव लावतात? तो तर बोटीत कधी बसला नाय. मी येनार. माझ्यासमोर लावू दे."

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी टिमथी आला. साधा, उंच, उन्हाने लाल झालेला माणूस. मुलांना दाखवायला आजोबांची डायरी घेऊन आला होता. वत्सलाबाई वाचनालयाच्या पायरीवर बसलेल्या, बाहेर पाथरवट दगड बसवायच्या तयारीत. मी टिमथीला नावाचा घोळ सांगितला. तो म्हणाला, डायरीत त्या दिवसाचं पान आहे, पण अक्षर फार किचकट आहे, मी पुरतं वाचलेलं नाही. डायरी त्याने माझ्या हातात दिली. एकतीस वर्षं पोरांची अक्षरं लावलेला माणूस मी. बसलो लावत.

बाईंना कळावं म्हणून मराठीत मोठ्याने वाचलं. 'आज धाकलू गेला. मी काहीच हुकूम दिला नव्हता, मला सुचलंच नव्हतं. तो आपणहून वाफेत शिरला, कॉक फिरवला, बाहेर आला नाही. मुरबाडचा धाकलू. घरी मूल होणार आहे म्हणून रोज सांगायचा. अहवालात मी लिहिलं की माझ्या हुकमावरून कॉक बंद केला. त्याचं नाव घातलं नाही. तसं बरं दिसतं.'

दगडाच्या कामावर नजर ठेवायला आलेले पंढरीशेठच पहिले बोलले. "झालं तर, पुरावा मिळाला. अहो पाथरवट, 'कमळू'चं 'धाकलू' करा, तीन अक्षरांचं तर काम. सकाळी कार्यक्रम वेळेवर." त्यांना खरोखर आनंद झाला होता, आणि त्याचाच मला जास्त संताप आला.

वत्सलाबाईंनी हात वर केला, पाथरवट थांबला. त्यांनी मला विचारलं, "हा साहेब किती वर्सं जगला?"

"अठ्ठ्याऐंशी."

"म्हंजे याला माझ्या बाचं नाव ठावं व्हतं. मी पोटात हाय ते पन ठावं व्हतं." त्या टिमथीकडे वळल्या. "माझ्या आयला पन नाव ठावं व्हतं. तिनं रीत म्हनून घेतलं नाय, आन जलमभर मोळ्या वाहिल्या. या नातवाला इचारा, त्याच्या आजाला कोनती रीत आडवी आली?"

पंढरीशेठ माझ्या कानाशी लागले. "मास्तर, पाहुणे आहेत. जरा सौम्य करून सांगा." फलकावरचं ते वाक्य मी मुकाट्याने उतरवलं होतं. या वेळी शब्दाला शब्द सांगितलं.

टिमथीचा चेहरा उतरला. त्याने डायरी माझ्या हातातून घेऊन मिटली. मग माझ्याकडे न बघता थेट बाईंकडे बघून बोलला, आणि मी ते मराठीत सांगितलं: "कोणतीच नाही."

"मंग माझ्या बाचं नाव त्याच्या नावाखाली लावू नका," वत्सलाबाई म्हणाल्या. "एवढी वर्सं नाय लागलं, अजून नाय लागलं तरी चालंल."

पंढरीशेठ काहीतरी समजुतीचं बोलायला लागले. टिमथीने मला विचारलं, बाई काय म्हणाल्या? मी सांगितलं. तो बाहेर गेला, पाथरवटाच्या हातातला खडू घेतला आणि दगडावरच्या आजोबांच्या नावावर, पदकावर, कॅप्टन या शब्दावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेघ ओढली.